पाणी आहे, पण मुळापर्यंत पोचतंय का?

आज एक टोमॅटोचा प्लॉट पाहिला आणि डोकंच फिरलं. सबमेनजवळची (मुख्य पाइपमधून पाणी वाटणाऱ्या पाइपजवळची) झाडं हिरवीगार, त्याच लॅटरलच्या (ओळीतल्या बारीक ठिबक नळीच्या) शेंड्याकडची पिवळी पडलेली, फुलं गळालेली. आणि शेतकऱ्याचा निष्कर्ष काय, तर ठिबक बेकार, गुंडाळून ठेवायचं आणि पुन्हा पाटानं पाणी द्यायचं. अहो, लॅटरलच्या टोकाची एंड कॅप काढल्यावर आधी गढूळ पाणी आणि मग लिबलिबीत शेवाळ बाहेर आलं! यात ठिबकचा काय दोष?

सिंचन म्हटलं की सगळे विहीर, बोअर आणि पंपाच्या एचपीवर बोलतात. पाणी बांधावर आलं की काम झालं असं धरून चालतात. मुळांच्या थरात वाफसा, म्हणजे माती ओलसर पण हवा खेळती, टिकतोय का, हे कुणी बघतच नाही. मातीच्या पोकळ्या पाण्यानं गच्च भरल्या की मुळांना हवा मिळत नाही, पांढरी मुळं काम थांबवतात आणि ओल्या मातीतलं झाड भर दुपारी मान टाकतं. ते बघून माणूस काय करतो? अजून पाणी सोडतो! खुरप्यानं वीतभर उकरून मूठभर माती दाबून बघायला दोन मिनिटं लागतात. चिखल झाला तर मोटर बंद ठेवा, गोळा होऊन हलक्या दाबानं फुटला तर वाफसा आहे, गोळाच होत नसेल तर पाणी द्या. भारी काळ्या जमिनीत आणि रेताड जमिनीत फरक पडतो, हे मान्य. पण उकरून तर बघा.

मोटर किती वेळ चालवायची? ‘शेजारी चालवतो तेवढी’ हे उत्तर नव्हे. दोन लॅटरलमध्ये १.५ मीटर आणि दोन ड्रिपरमध्ये (नळीवरच्या पाणी ठिबकवणाऱ्या तोट्यांमध्ये) ०.४ मीटर अंतर असेल तर एका ड्रिपरच्या वाट्याला ०.६ चौरस मीटर जागा येते. पिकाची त्या दिवसाची गरज ४ मिलिमीटर धरली (एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर म्हणजे एक लिटर) तर २.४ लिटर, आणि संचाची कार्यक्षमता ९० टक्के धरून साधारण २.७ लिटर. ताशी ४ लिटरचा ड्रिपर ते ४० मिनिटांत देतो. पण लोक तीन-तीन तास मोटर सोडून जातात, नत्र मुळाखाली वाहून जातं आणि मग युरिया वाढवतात.

हा हिशोबही ड्रिपर खरोखर ४ लिटर देत असेल तरच. त्या प्लॉटमध्ये टोकाचे ड्रिपर नुसते पाझरत होते. लॅटरलच्या सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी ड्रिपरखाली भांडी ठेवा. १५ मिनिटांत प्रत्येकात १ लिटरच्या आसपास पाणी यायला हवं. शेवटच्या भांड्यात निम्मंच आलं तर आधी फिल्टर बघा. फिल्टर स्वच्छ असताना आत येणारा आणि बाहेर जाणारा दाब लिहून ठेवा. दोन्हींतला फरक अर्ध्या किलोनं (प्रति चौरस सेंटिमीटर) वाढला की फिल्टर धुवायचा, सँड फिल्टर असेल तर बॅकवॉश द्यायचा, म्हणजे उलट्या दिशेनं पाणी सोडून धुवायचा. प्रेशर गेज फुटलं असेल तर बदला. त्याशिवाय हे कळणार कसं?

खरं तर राग शेतकऱ्यावर नाही. संच बसवणारा पाइप जोडून, मोटर चालू करून निघून जातो. पाइपातली घाण बाहेर सोडायचा फ्लश व्हॉल्व्ह कशासाठी असतो हे त्या बिचाऱ्या शेतकऱ्याला कुणी दाखवलेलंच नसतं. आधी मेन, मग सबमेन, मग थोड्या थोड्या लॅटरल उघडून स्वच्छ पाणी येईपर्यंत सोडायचं, एवढं सांगितलं असतं तरी तो प्लॉट वाचला असता.

पाटपाणी वाईटच असं नाही. जमीन सपाट आणि सऱ्या आखूड असतील तर तेही चांगलं चालतं. पण ते निवडायचं कारण तुंबलेला फिल्टर नसावं!

ड्रिपरवर पांढरा थर असेल तर तो क्षारांचा, त्याला आम्ल प्रक्रिया. शेवटच्या ड्रिपरच्या पाण्याचा सामू (pH) ४ पर्यंत आणायचा, मोटर बंद करून २४ तास ठेवायचं, मग सगळं फ्लश करायचं. शेवाळाला क्लोरीन. आम्ल नेहमी पाण्यात ओतायचं, पाणी आम्लात कधीच नाही. आणि आम्ल व क्लोरीन एकत्र तर मुळीच नाही, विषारी वायू तयार होतो. कॅल्शियम नायट्रेट आणि फॉस्फेटची खतंही एका टाकीत कालवू नका, साका बसतो आणि तोच ड्रिपरमध्ये जाऊन अडकतो.