बारावीच्या पोरांना एकदा सॅलरी स्लिप वाचायला शिकवा

ठाण्यातला घोडबंदर रोड घ्या नाहीतर नवी मुंबईतलं ऐरोली-घणसोली, बारावी झाली की पोरं कॉलेजबरोबर नोकरीपण बघायला लागतात, कोणी कॉल सेंटरला, कोणी गोदामात, कोणी मॉलमध्ये. घरी येऊन सांगायचं "पॅकेज 2 लाख 40 हजार". आई लगेच भागिले बारा करते, 20 हजार. आणि पहिल्या पगाराला खात्यात येतात 15. मग एचआर चोर!

मी नवी मुंबईत महापेला पेरोल, म्हणजे पगाराचा हिशेब बघते, त्यामुळे ही चिडचिड रोजचीच. पण खरं सांगू, चूक पोरांची नाहीये. अकरावी कॉमर्सला जर्नल एन्ट्री घोकून घेतात आणि ज्या कागदावर पुढची 40 वर्षं काढायची तो कागद एकदाही दाखवत नाहीत, काय म्हणायचं याला!

तर 20 हजारांचं काय होतं बघा. पॅकेज म्हणून सांगतात ती सीटीसी, म्हणजे तुमच्यावर होणारा कंपनीचा सगळा खर्च, तुमचा पगार नाही. समजा बेसिक (मूळ पगार) आणि डीए (महागाई भत्ता) मिळून 14,000, एचआरए (घरभाडे भत्ता) 3,000, म्हणजे ग्रॉस, कापाकापीच्या आधीचा पगार, 17,000. वरचे 3 हजार म्हणजे कंपनीच्या वाट्याचा पीएफ (भविष्य निर्वाह निधी), ईएसआयसी (कामगारांचा सरकारी आरोग्य विमा) आणि ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सोडताना मिळणारी रक्कम (ती साधारणपणे 5 वर्षं टिकलात तरच, कोण टिकतंय म्हणा). आता 17,000 मधून तुमचा पीएफ बेसिक-डीएच्या 12 टक्क्यांनी 1,680, ईएसआयसी ग्रॉसच्या 0.75 टक्के म्हणजे 128, प्रोफेशन टॅक्स (राज्य सरकारचा नोकरी-व्यवसायावरचा कर) 200. हातात 14,992. मुलगी असेल तर महाराष्ट्रात 25 हजारांपर्यंत प्रोफेशन टॅक्स नाही, तिला 15,192. फेब्रुवारीत हाच टॅक्स 300 कापतात कारण वर्षाचे 2,500 पूर्ण करायचे असतात, त्या महिन्यात मला हमखास फोन येतात. इन्कम टॅक्सचं टेन्शन एवढ्या पगाराला घेऊच नका.

आता माझं मत, पटलं नाही तर सोडून द्या. काही पोरं म्हणतात मॅडम पीएफ नको, सगळे हातात द्या. अरे बाबा, तुझ्या 1,680 वर कंपनी तेवढेच घालते! त्यातले बेसिक-डीएच्या 8.33 टक्क्यांइतके पेन्शनला, बाकी तुझ्या पीएफला. आणि ईएसआयसीच्या 128 रुपयांत तुझ्याबरोबर तुझ्यावर अवलंबून असलेल्या आईबाबांनापण कामगार हॉस्पिटलचा इलाज मिळू शकतो, आजारी पडून रजा लागली तर नियमात बसल्यावर पगाराच्या 70 टक्क्यांच्या हिशेबाने पैसेसुद्धा मिळतात. हे सोडून रोख घेणारा मला तरी शहाणा वाटत नाही.

कापतात याचा राग धरण्यापेक्षा कापलेलं भरतात का ते बघा. एका लेबर कॉन्ट्रॅक्टरकडची पोरं माझ्याकडे स्लिपा घेऊन आली होती, स्लिपवर पीएफ दर महिन्याला कापलेला आणि पीएफचं पासबुक कोरं, आणि पोरांना यूएएन म्हणजे काय तेच माहीत नाही. तो तुमच्या पीएफचा बारा आकडी नंबर असतो, नोकरी बदलली तरी तोच राहतो, जॉइन झाल्यावर मागून घ्यायचा, मोबाइल लिंक करायचा आणि सरकारी उमंग अ‍ॅपवर पासबुक उघडायचं. कंपनीने पुढच्या महिन्याच्या 15 तारखेपर्यंत भरायचं असतं, त्यानंतर थोडे दिवस जाऊ द्या आणि बघा. एन्ट्री नसेल तर आधी लेखी विचारा, मेल किंवा निदान व्हॉट्सअ‍ॅप, म्हणजे पुरावा राहतो. तरी टोलवाटोलवी केली तर ठाण्याचं पीएफ ऑफिस वागळे इस्टेटला आहे, तक्रार ऑनलाइनपण करता येते, फक्त स्लिपा फेकून देऊ नका.