नर मोठा की मादी? सात रस्त्यावरचा वाद

सोलापूरच्या सात रस्ता चौकात विषय शेततळ्यातल्या माशांचा निघाला आणि नागेशनं ठोकून दिलं, "मासा कुठला पण असू दे, नरच वाढतो. म्हणून तर लोक मोनोसेक्स, म्हणजे नुसत्या नरांचं, मत्स्यबीज घेतात."

"चिलापीपुरतं, म्हणजे तिलापियापुरतं, खरंय," बसूअण्णा म्हणाले. "तिची मादी अंडी-पिल्लं तोंडात सांभाळते. दहा-बारा दिवस दाण्याला शिवत नाही, की पुन्हा अंडी. अंगाला लागणार कसं? सायप्रिनसमध्ये, म्हणजे कॉमन कार्पमध्ये, मात्र उलटं, मादी पुढं जाते. ट्राउटचे नर लवकर पक्व होऊन वाढायचे थांबतात, म्हणून परदेशात नुसत्या माद्या पाळतात."

"आणि रोहू-कटला?"

"वर्षाच्या आत काढणार असशील तर नर-मादी बघूच नको. ते पक्व व्हायलाच साधारण दोन वर्षं लागतात."

इरफानला मोनोसेक्सची कृती हवी होती. अण्णांनी सांगितली ती अशी: पिल्लू सेंटीमीटरभर असतं, नुकतं खायला लागलेलं असतं, तेव्हापासून 21 ते 28 दिवस पिल्लांना नर बनवणाऱ्या हार्मोनचं खाद्य. खाद्याच्या किलोला 60 मिलिग्रॅम मिथिल टेस्टोस्टेरॉन, अल्कोहोलमध्ये विरघळवून खाद्यावर फवारायचं आणि सावलीत वाळवायचं. हातमोजे-मास्क हवेच. हे हॅचरीचं, म्हणजे मत्स्यबीज केंद्राचं, काम, शेततळ्यावर करून बघायचं नाही.

"मग माझ्या पाहुण्यांच्या तळ्यात मोनोसेक्स टाकूनसुद्धा पिल्लांचा सुळसुळाट कसा?"

"लहान-मोठी पिल्लं एकत्र घेतली असणार. दीड सेंटीमीटरच्या पुढं गेलेल्या पिल्लाचं लिंग ठरून गेलेलं असतं, त्याला हार्मोन घाल नाहीतर साखर घाल. नाहीतर खाद्य कमी पडलं, दांडग्यांनी खाल्लं, बारकी उपाशी. शंभरात चार-पाच माद्या राहिल्या तरी तीन महिन्यांत तळं भरतं. खाद्य पिल्लं खातात आणि विकायचा मासा तेवढ्यालाच अडकतो."

यावर उपाय सोपा आहे, पण कंटाळवाणा. मासे 30-40 ग्रॅमचे झाले की जाळं टाकून शंभर तपासायचे. मासा उताणा धरून शेपटीकडच्या छिद्रांवर निळी शाई पुसायची. नराला दोन छिद्रं, मादीला तीन, मधलं आडव्या चिरेसारखं. माद्या निघाल्या तर पिल्लं खाणारी थोडी मरळ सोडायची, पण ती चिलापीपेक्षा लहान हवी, नाहीतर पिल्लांऐवजी मालच खाईल.

"म्हणजे आपण हार्मोन खातो?" इरफान.

"डोस पहिल्या महिन्यात बंद होतो, मासा ताटात येतो पाच-सहा महिन्यांनी. तोवर अंगातून निघून गेलेलं असतं."

नागेश हटेना. "चव तरी मादीचीच. गाभोळी बघा की!"

"गाभोळी वेगळी, मांस वेगळं," अण्णा चिडलेच. "भरल्या मादीची अंगातली चरबी नि प्रथिनं अंड्यांत जातात. दोन किलोच्या रोहूत तीनशे ग्रॅम गाभोळी निघाली तर तुकडे तेवढे कमी, आणि पैसे तू पूर्ण वजनाचे मोजलेले. अंडी सोडून खंगलेल्या मादीचं मांस तर मऊ, पाणचट. तळताना तुटतं. पक्व व्हायच्या आधी काढलेल्या नर-मादीचे तुकडे शेजारी ठेव, ओळखून दाखव."

मला अण्णांचं पटतं. नागेशनं मात्र एवढंच विचारलं की मृगात उजनी धरणाची गाभोळीवाली रोहू कुठं मिळेल.