ड्रायव्हर चहा प्यायला उतरला असेल!

आज संध्याकाळी माहेराहून परत येत होते. आसनगाव सोडलं आणि गाडी थांबली ती थांबलीच. पाच मिनिटं, दहा मिनिटं, पंचवीस मिनिटं. बाहेर मिट्ट काळोख, आत उकाडा, कुणाचंतरी बाळ टाहो फोडतंय. समोरच्या बाकावरच्या गृहस्थांनी मोबाईलमधून मान वर काढली आणि म्हणाले, "ड्रायव्हर चहा प्यायला उतरला असेल." अख्खा डबा हसला. शेजारच्याने लगेच भर घातली, "अठ्ठ्याहत्तर दिवसांचा बोनस घेतात, चहा तर पिणारच!" पुन्हा हशा.

मी हसले नाही. बोललेही नाही. चारचौघांत भांडायची माझी हिंमत होत नाही, हे तुम्हाला माहीत आहे. घरी येऊन हातपाय धुतले, तरी डोकं शांत होईना, म्हणून इथे लिहितेय. लांबणार आहे. कंटाळा आला तर पुढे सरका.

मी ड्रायव्हरची मुलगी. आता त्यांना लोको पायलट म्हणायचं. हुद्द्याचं नाव बदललं तेव्हा आमचे अण्णा म्हणाले होते, "पायलट म्हणा नाहीतर राजा म्हणा, डबा घरूनच न्यायचाय."

अण्णा मालगाडीवर होते. आमचं खानदेशातलं रेल्वेचं गाव. गल्लीत कुणाचे वडील घरी आहेत आणि कुणाचे लाईनवर, ते दारातल्या चपलांवरून कळायचं. रात्री दोनला ड्युटीचं बोलावणं घेऊन कॉलबॉय यायचा, सायकलची घंटी वाजवायचा, वही पुढे करायचा. अण्णा झोपेतच सही करायचे. आई तोवर स्टोव्ह पेटवायची. कळण्याच्या दोन भाकरी, ठेचा, आणि फिरकीचा तांब्या काठोकाठ भरून.

तो तांब्या नीट लक्षात ठेवा. अण्णा दीड-दोन दिवसांनी घरी यायचे तेव्हा भाकरीचा डबा रिकामा असायचा, कधी नसायचाही. तांब्या मात्र आत हलेल एवढासुद्धा रिता नसायचा. आई काही न बोलता ते पाणी तुळशीला घालायची. मला वाटायचं, आपल्या अण्णांना तहानच लागत नाही. शाळेत उंटाचा धडा आला तेव्हा मी उभी राहून सांगितलं होतं, "बाई, माझे अण्णा पण." बाई हसल्या. मलाही तो मोठेपणाच वाटला होता.

इंजिनात संडास नसतो, हे मला दहावीत कळलं.

प्यायलं की जावं लागतं, आणि जायला जागा नाही, म्हणून प्यायचंच नाही. एवढा साधा हिशेब. मालगाडी निदान लूपला, म्हणजे बाजूच्या रुळावर, पडून राहते, तेव्हा खाली उतरून झुडूप तरी गाठता येतं. मेल-एक्स्प्रेसवाल्याला तेही नशिबात नाही. त्यातून इंजिनात एक यंत्र असतं. साठ सेकंदांत तुम्ही कुठली मूठ हलवली नाही, हॉर्न वाजवला नाही, बटण दाबलं नाही, तर आधी दिवा लुकलुकतो, मग बझर ओरडतो आणि तरीही हललात नाही तर ब्रेक लागून गाडी उभी राहते. म्हणजे आपण जागे आहोत याची मिनिटामिनिटाला हजेरी द्यायची. सुरक्षेसाठी ते हवंच, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण दर साठ सेकंदांनी माणसाची झोप तपासणाऱ्यांना त्याच माणसाला मूत्राशयही असतं, हे सुचू नये?

सुचलंय हो. सुचून नाकारलंय, राग त्याचा आहे. जेवणासाठी आणि लघवीसाठी ड्युटीत ठरावीक वेळ द्या, अशी मागणी लोको पायलट वर्षानुवर्षं करताहेत. त्यावर समिती बसली. एप्रिल २०२५ मध्ये रेल्वे बोर्डाने उत्तर दिलं : असा नियम करणं शक्य नाही. आणि त्याच दमात सांगितलं की इंजिनात आवाज आणि चित्रं टिपणारे कॅमेरे बसवले तर त्यात खासगीपणावर घाला वगैरे काही नाही. वा! बघायला कॅमेरा आहे, जायला दोन मिनिटं नाहीत.

आता कुणीतरी कमेंटमध्ये लिहीलच, की नव्या इंजिनांत बिनपाण्याच्या मुताऱ्या बसवताहेत. हो, बसवताहेत. २०१६ मध्ये बायोटॉयलेटवालं पहिलं इंजिन आलं, तेव्हा मीच अण्णांना फोटो दाखवला होता. त्यांनी चष्मा लावून बघितला आणि विचारलं, "आणि जायचं कधी?" बस. माझ्या या सगळ्या पोस्टचा प्रश्न तेवढाच आहे.

माझा धाकटा भाऊही आता मालगाडीवरच आहे. कॉलबॉयच्या जागी मोबाईल आला, लोखंडी लाईन बॉक्स जाऊन चाकांची बॅग आली, लॉबीत, म्हणजे ड्युटीची हजेरी लावायच्या ठिकाणी, सही करण्याआधी नळीत फुंकर मारून दारू प्यायलेलो नाही हे सिद्ध करायचं. तांब्या जाऊन थर्मासची स्टीलची बाटली आली. वहिनी ती भरून देते. परत येते तेव्हा बर्फ वितळलेला असतो, पाणी तेवढंच.

बरं, विश्रांतीचं ऐका. हे गणित मी नवऱ्याला तीनदा समजावलं, तेव्हा त्याच्या डोक्यात शिरलं. आठ तास किंवा त्याहून जास्त ड्युटी करून मुख्यालयी, म्हणजे आपल्या मूळ स्टेशनवर, परतलं की सोळा तासांची विश्रांती मिळते. ती रोजची. शिवाय महिन्यातून चार वेळा तीस तासांची किंवा पाच वेळा बावीस तासांची विश्रांती, ती आपल्या भाषेत आठवड्याची सुट्टी. वाद असा आहे की त्या तिसात रोजचे सोळा धरायचे की वेगळे द्यायचे. धरले तर सुट्टीच्या नावाखाली हातात येतात चौदा तास. तुम्ही शुक्रवारी सहाला ऑफिसातून निघता आणि सोमवारी नऊला परत जाता, ते त्रेसष्ट तास होतात. जून २०२४ मध्ये दक्षिण रेल्वेतले लोको पायलट सोळा अधिक तीस असे शेहेचाळीस तास घेऊनच कामावर येऊ म्हणून अडून बसले, तेव्हा त्यांच्याकडे आडमुठे म्हणून बघितलं गेलं.

आणि डिसेंबर २०२५ मध्ये इंडिगोची विमानं धडाधड रद्द झाली, तेव्हा आपल्या सगळ्यांना एकाएकी वैमानिकांच्या विश्रांतीचे नियम पाठ झाले. आठवड्याची विश्रांती छत्तीसवरून अठ्ठेचाळीस तास केली, रात्रीच्या उतरण्यांवर मर्यादा घातली. माझ्या भिंतीवर दहा जणांनी लिहिलं होतं, थकलेला पायलट नको रे बाबा! बरोबरच आहे. मग हजारो टनांची मालगाडी किंवा दीड हजार माणसांची एक्स्प्रेस पहाटे साडेतीनला हाकणारा पायलट थकलेला चालतो? का, तर तो जमिनीवर आहे म्हणून? की त्याच्या टोपीला सोनेरी पट्टी नाही म्हणून?

(लिहिता लिहिता आवाज चढला. पाणी प्यायला उठले होते. मला उठता येतं.)

हे खरं, की पगार बरा आहे. किलोमीटर भत्ता मिळतो. रनिंग रूममध्ये, म्हणजे बाहेरगावच्या विश्रांतीच्या जागी, आता एसी आहे, अण्णांच्या वेळी ढेकूण होते. आमची तिघांची शिक्षणं त्याच पगारावर झाली, माहेरचं घर त्याच पगाराच्या कर्जावर उभं आहे. मान्य. आणि अण्णांनी त्या नोकरीबद्दल कधी वाकडा शब्द काढला नाही. मुतखड्याने गडाबडा लोळत होते तेव्हासुद्धा म्हणाले, "पाणी मीच कमी प्यायलो ना, गाडीचा काय दोष?"

पण तो बोनस! अहो काका, अठ्ठ्याहत्तर दिवसांचा बोनस म्हणजे जास्तीत जास्त १७,९५१ रुपये. हिशेबाला महिन्याचा पगार ७,००० रुपयेच धरतात. तुमच्या हातातल्या फोनची किंमत काय होती? जानेवारी २०२४ पासून महागाई भत्ता पन्नास टक्के झाला, तेव्हा बाकीच्यांचे प्रवासाचे भत्ते पंचवीस टक्क्यांनी वाढले. रनिंगवाल्यांचा, म्हणजे गाडीवर काम करणाऱ्यांचा, किलोमीटर भत्ताही तसाच वाढवा, या मागणीसाठी भांडत बसावं लागलं. आता आठवा वेतन आयोग आलाय, न्यायमूर्ती रंजना देसाई अध्यक्ष आहेत. भाऊ म्हणतो, बघू. गेली दहा वर्षं तो हेच म्हणतोय.

पेन्शनचंही तसंच. अण्णांना जुनी पेन्शन. मूळ पगारावर रनिंगचे पंचावन्न टक्के जास्तीचे धरून काढलेली. म्हणून आज दोघं म्हातारे कुणापुढे हात न पसरता जगतात. भाऊ २००४ नंतरचा, त्याच्या कपाळी एनपीएस, म्हणजे बाजारावर अवलंबून असलेली नवी पेन्शन. मग एप्रिल २०२५ पासून यूपीएस ही आणखी एक पेन्शन योजना आली : पंचवीस वर्षं नोकरी केली की शेवटच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ पगाराच्या निम्मं. निवडायची मुदत जूनची सप्टेंबर झाली, सप्टेंबरची नोव्हेंबर झाली. भावाने शेवटच्या दिवसापर्यंत घोळ घातला. रनिंग रूममध्ये पडल्या पडल्या मोबाईलवर गणितं करायचा आणि मला फोन करायचा, जसं काही मला कळतंय. शेवटी कशावर टिक केलं, ते वहिनीलाही सांगितलेलं नाही.

युनियनवाल्यांनाही दोन शब्द सुनावते, उगाच त्यांचं कौतुक करायला बसलेले नाही. डिसेंबर २०२४ मध्ये अकरा वर्षांनी मान्यतेच्या, म्हणजे रेल्वेने कुठल्या युनियनला मान्यता द्यायची ते ठरवणाऱ्या, निवडणुका झाल्या. तेव्हा लॉबीबाहेर झेंडेच झेंडे, चहा, वडे, बॅनर. निवडणूक संपली आणि लघवीचा विषय पुन्हा ऑल इंडिया लोको रनिंग स्टाफ असोसिएशनच्या गळ्यात, जिला मान्यताच नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये त्यांनी छत्तीस तासांचं उपोषण केलं. भाऊ हसत म्हणाला, "ताई, ड्युटीवर उपाशी राहणं हे आंदोलन म्हणून कुणाच्या लक्षात येणार? ते तर आम्ही रोजच करतो."

आमच्या गल्लीत एक काका होते, १९७४ च्या संपात नोकरी गेलेले. आम्ही पोरं त्यांच्याकडून गोष्टी ऐकायचो. ८ मे ला संप सुरू झाला, जॉर्ज फर्नांडिस आधीच पकडलेले, वीस दिवस चाक हललं नाही म्हणायचे, म्हणजे थोडं वाढवूनच सांगायचे. त्याच्या आदल्या वर्षी ड्रायव्हरांनी वेगळा लढा देऊन दहा तासांच्या ड्युटीचं आश्वासन मिळवलं होतं. ते सांगताना काकांचा आवाज बदलायचा. दहा तास! आज, पन्नास वर्षांनी, नियमाच्या कागदावर ड्युटीवर येतानाच्या सहीपासून सुटतानाच्या सहीपर्यंत अकरा तास आहेत. काकांना १९७७ नंतर परत घेतलं, मधु दंडवते रेल्वेमंत्री झाले तेव्हा. हेच ते दंडवते, ज्यांनी सेकंड क्लासच्या लाकडी फळकुटावर गादी घातली. आज तुम्ही ज्या बर्थवर रेलून ड्रायव्हरवर विनोद केलात ना, ती गादी. तुमच्या पाठीचा विचार करणारा एक मंत्री होऊन गेला. इंजिनाकडे एवढ्या मायेने बघणारा अजून यायचाय.

सुरेखा यादव ३० सप्टेंबर २०२५ ला निवृत्त झाल्या. साताऱ्याची बाई, आशियातली पहिली महिला ड्रायव्हर, सोलापूरहून वंदे भारत मुंबईला आणली. सगळ्यांनी फोटो टाकले, मीही बदाम टाकला. पण आपल्यापैकी एकीने तरी विचारलं का, की पाळी आलेल्या दिवसांत इंजिनावरची बाई काय करते? आज असिस्टंट ड्रायव्हर म्हणून लागलेल्या पोरी पाणी पीत नाहीत, डायपर लावून ड्युटीला जातात. एकविसाव्या वर्षी. माझ्या मुलीच्या वयाच्या. अण्णांचा तांब्या निदान अण्णांपुरता होता. तोच आता पोरींच्या हातात दिलाय आणि वर महिला सबलीकरणाचं पोस्टर लावलंय!

आणि काही झालं की पहिलं बोट कुणाकडे? १७ जून २०२४, कांचनजुंगा एक्स्प्रेसला मागून मालगाडी धडकली. मालगाडीचा ड्रायव्हर जागीच गेला. त्याच दिवशी वरून जाहीर झालं की त्याने सिग्नल पाळला नाही. त्याच्या घरच्यांनी टीव्हीवर ते कसं ऐकलं असेल, हा विचार मी अजून पुरता करू शकत नाही. नंतर चौकशीत निघालं की सिग्नल सकाळपासून बंद होते आणि पुढे जायचा जो कागद हातात दिला, त्यात वेगाची मर्यादाच नमूद नव्हती. हे छापून आलं तेव्हा किती जणांनी वाचलं?

चुका ड्रायव्हरांच्याही होतात. होतात. पुढचं तुम्हीच समजून घ्या.

घरी पोचल्यावर भावाला फोन केला. रनिंग रूममध्ये होता, मागे कुकरच्या शिट्ट्या. सगळं सांगितलं, तो चहा, तो बोनस, ते हसणं. मला वाटलं चिडेल. तो म्हणाला, "आसनगावच्या पुढे ना? ढोर आलं असेल गं. ब्रेकचा पाईप तुटला असेल. असिस्टंट उतरून बघत असेल अंधारात."

"मग उतरलाच होता म्हणायचा," मी म्हटलं.

"उतरला तर उतरू दे की," तो म्हणाला, "तेवढ्यात बिचारा बाजूला जाऊन तरी आला असेल."