मारुतीला काडेपेटी म्हणणाऱ्यांनो

आज केजला लग्नाला गेलो होतो. मांडवाच्या दारात नवरदेवासाठी फुलांनी मढवलेली पांढरी अॅम्बेसेडर, आणि तिच्याभोवती सेल्फीवाल्यांची झुंबड. पंगतीत शेजारचा पाहुणा म्हणतो, "गाडी असावी तर अशी! मारुती आठशे म्हणजे नुसती काडेपेटी." घास गिळवेना मला.

काडेपेटी? १९९९ साली आमच्या दादांनी मास्तरकीच्या पगारातून पैसे साठवून जुनी आठशे घेतली. आजी जन्मात पहिल्यांदा चारचाकीत बसणार होती. बसायच्या आधी तिनं चपला काढल्या न् उंबऱ्यापाशी ठेवल्या. "नव्या गाडीत चिखल कामून न्यावं रं?" नवी कसली, सात वर्षं वापरलेली! चपला घरीच राहिल्या आणि आजी आंबाजोगाईला योगेश्वरीच्या दारात अनवाणी उतरली.

त्याआधी गावात अॅम्बेसेडर यायच्या, नाही असं नाही. साहेबांच्या, पुढाऱ्यांच्या. काचेला पडदे. आमच्या वाट्याला फक्त फुफाटा. कसलं कौतुक सांगता? मूळची ती विलायतेची मॉरिस ऑक्सफर्ड. तिकडं ती कधीच बंद झाली. आपण पन्नासच्या दशकातला तो सांगाडा २०१४ पर्यंत रेटला. नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघायची, आणि आली की थंडीत हँडल मारत बसायचं. १९८३ च्या डिसेंबरात मारुती आली म्हणून मास्तर, कारकून, दुकानदार गाडीचं नाव काढू लागले. ७९६ सीसी, तीन सिलिंडर, चावी फिरवली की चालू. हसा अजून.

हां, पावसाळ्यात काळ्या रानातल्या गाडवाटेनं अॅम्बेसेडर निघून जायची आणि आमच्या आठशेचं पोट घासायचं. नऊ माणसं कोंबली तरी ती कुरकुरायची नाही. मान्य. बास.

आणि बंद दोन्ही एकाच वर्षी पडल्या, २०१४ ला. तेव्हा कोण जास्त टिकलं हे मला सांगू नका.

हे सगळं त्या पाहुण्याला तोंडावर सुनवायचं होतं, पण लग्नघर. हात धुवून बाहेर आलो. अॅम्बेसेडरजवळ कुणी नव्हतं. दार उघडून बघितलं. पुढचं सीट या दारापासून त्या दारापर्यंत सलग, गिअर स्टेअरिंगपाशी. आठशेत आजीचे गुडघे डॅशबोर्डला टेकायचे, सारखी म्हणायची, "मांडी घालू दे रं जरा."

इथं घातली असती.