काकांचा नंबर आधी

ॲपवर हिरवा ठिपका होता, म्हणजे चार्जर मोकळा. गाडीची बॅटरी 14 टक्के, पहाटे पुण्याला निघायचं आणि वर मे महिन्यातलं सोलापूरचं ऊन. पोचलो तर ॲप खोटं बोलत नव्हतं, चार्जर मोकळाच होता. त्याच्यापुढं मात्र एक पांढरी पेट्रोल गाडी उभी. इंजिन चालू, एसी चालू, आत सीट मागं पाडून एक काका पहुडलेले.

काच वाजवली. काकांनी ती चार बोटं खाली घेतली.

"काय पायजे ओ?"

"काका, गाडी जरा काढता का? चार्जिंग करायचंय."

"करा की. मी काय धरून ठेवलोय का?"

"ही जागा इलेक्ट्रिक गाड्यांची आहे."

"सावली कुणाच्या नावावर असतेय का?"

आता काय बोलणार? चार्जरवर पत्र्याची शेड होती, आणि आसपास नजर जाईल तिथवर तेवढीच सावली. मी जमिनीवर रंगवलेली प्लगची हिरवी खूण दाखवली. काकांनी मान बाहेर काढून ती नीट पाहिली आणि डॅशबोर्डवरचा मोबाईल उचलून माझ्यापुढं धरला. त्याला वायर लावलेली.

"माझं पण चार्जिंगच चालू हाय की. 11 टक्के. तुमचं किती हाय?"

"14."

"मग माझा नंबर आधी."

एवढं बोलून त्यांनी शेंगांची पिशवी काचेच्या फटीतून पुढं केली. रागाच्या भरात नाही म्हणायला हवं होतं, पण भाजलेल्या शेंगा होत्या. उन्हात उभा राहून सोलत बसलो आणि काकांनी उलटतपासणी सुरू केली. किती पळते? बॅटरी गेली तर किती लाख? भरायला किती वेळ?

"80 टक्क्यांपर्यंत तासभर. पुढं हळू चढतं, बॅटरी तापू नये म्हणून."

"तासभर? तेवढ्यात मी तुळजापूरला पोचतो ओ!"

पोचतातही. 45 किलोमीटर तर आहे. पण काका तुळजापूरला जाणार नव्हते, कुठंच जाणार नव्हते, हेच तर दुखणं होतं.

केंद्राच्या 2022 च्या मार्गदर्शक सूचनांत शहरात दर 3 बाय 3 किलोमीटरच्या चौकटीत निदान एक चार्जिंग स्टेशन असावं असं लिहिलं होतं. चौकटीत काका असू नयेत, असं कुठं लिहिलेलं नाही. यंत्र बसवलं, फीत कापली, फोटो निघाले, आणि नंतर तिथं कोण गाडी लावतो हे बघायला एक माणूस नाही. होटगीजवळ 1320 मेगावॅटचं औष्णिक केंद्र धडधडतंय. त्या विजेतली मूठभर माझ्या गाडीत घालायची तर मी शेंगा खात परवानगी मागतोय. घरीच चार्जिंगला लावावी म्हटलं, तर आमच्या अपार्टमेंटचे सेक्रेटरी पार्किंगमध्ये साधा 15 अँपिअरचा पॉइंट द्यायला तयार नाहीत. मीटर माझा, वायर माझी, खर्च माझा. तरी "उद्या सगळेच मागतील" हे त्यांचं उत्तर. मागू देत की!

शेवटी काकांना घरून फोन आला. फोन वायरीला असल्यामुळं ते स्पीकरवर बोलले, त्यामुळं ते इथं का झोपले होते हेही मला कळलं. (घरी पाहुणे आले होते.) गाडी मागं घेताना म्हणाले, "बसा आता निवांत."

चार्जरची जाडजूड गन ओढून गाडीत खुपसली. बाहेरच्या उन्हाच्या झगझगाटात स्क्रीन दिसेना म्हणून तळहाताचा आडोसा करून वाचलं, तर वॉलेटमध्ये किमान रक्कम हवी. ॲप नवं, वॉलेट नवं. आधीच्या तीन ॲपांत माझे थोडे थोडे पैसे अडकलेलेच आहेत. पाचशे भरले. बिल झालं त्यापेक्षा बरंच कमी, त्यावर 18 टक्के जीएसटी. गाडी घेताना 5 टक्के, कारण पर्यावरण. गाडी भरताना 18, आता ते कशाला कोण जाणे. उरलेले पैसे परत मागितले तर कस्टमर केअरची बाई गोड आवाजात हिंदीतून म्हणाली, रिफंड होत नाही, पुढच्या वेळी वापरा. कुठं वापरू बाई? त्या कंपनीचा सोलापुरात तो एकच चार्जर आहे.