नानांचा फोटो

मे महिन्यात जळगावात पारा सहज चव्वेचाळीसवर चढतो. केळीचा फोटो मात्र सर्व्हरवर चढता चढत नाही. वळवाचं वादळ येतं, तापीकाठच्या बागा आडव्या होतात आणि नुकसानीचे फोटो टाकायला आमच्या शेतकरी गटाच्या वेबसाइटवर झुंबड उडते. ही वेबसाइट जावा नावाच्या संगणकाच्या भाषेत लिहिलेली आहे. लिहिणारा मुलगा पुण्याला गेला, कोड माझ्या गळ्यात टाकून गेला. तेव्हापासून चोपड्याहून नानांचा फोन आला नाही असा दिवस शोधावा लागेल.

"मना फोटो कोठे गया, भो?"

फोटो कुठेही गेला नव्हता. तो नानांच्या मोबाइलमध्येच होता. ब्राउझरच्या फॉर्ममधून फाइल पाठवायची सोय नोव्हेंबर 1995 पासून कागदोपत्री ठरलेली आहे, पण अट अशी की फॉर्मच्या कोडमध्ये 'मल्टिपार्ट', म्हणजे माल वेगवेगळ्या भागांत येतोय, असं स्पष्ट लिहायचं. ते लिहिलं नाही तर ब्राउझर फक्त फाइलचं नाव पाठवतो. म्हणजे केळी चोपड्यात आणि जळगावात नुसती पावती! त्यातही फाइलच्या रकान्याला 'नेम' दिलेलं नसेल तर पावतीसुद्धा येत नाही. पुण्याला गेलेल्या मुलाने दोन्ही गोष्टी देवावर सोडल्या होत्या. मी दोन्ही लिहिल्या.

मग नवाच पेच. नानांच्या शेजाऱ्याचा फोटो गेला, नानांचा गेला नाही.

"त्याना गया, मना कसा नई गया?" नानांना यात सरळसरळ राजकारण दिसत होतं. शेजारी गेल्या वेळी सरपंचाच्या पॅनलमध्ये होता.

राजकारण होतंच, पण मेगाबाइटचं. शेजाऱ्याने व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला, चेपून चेपून लहान झालेला फोटो टाकला होता. नानांनी मुलाच्या नव्या मोबाइलवर काढलेला अस्सल पाच एमबीचा. आता वाटेतले नाके बघा. दारातच एनजिनएक्स नावाचा वेब सर्व्हर बसतो. सांगून ठेवलं नाही तर तो एक एमबीच्या वरचं काही आत घेत नाही, 413 नंबरची एरर हातात देतो. त्याला समजावून आत जावं तर स्प्रिंग बूट, म्हणजे आमची वेबसाइट ज्यावर उभी आहे तो जावाचा तयार सांगाडा, म्हणतो, फाइल एक एमबीची, सगळी मिळून रिक्वेस्ट दहा एमबीची, यापुढे नाही. आणि सगळ्यांत खोडकर टॉमकॅट, म्हणजे आतला जावाचा कोड चालवणारा सर्व्हर. फाइल नाकारल्यावर उरलेला माल तो साधारण दोन एमबीपर्यंत गिळून घेतो. त्याहून जास्त असेल तर वायरच तोडतो. त्यामुळे नानांच्या स्क्रीनवर 'फाइल मोठी आहे' असं येतच नाही, 'कनेक्शन तुटलं' असं येतं. मग नाना रेंज शोधत गच्चीवर, भर उन्हात, डोक्याला उपरणं गुंडाळून. खरं कारण लपवून भलत्याच्याच नावावर बिल फाडायची ही कला आमच्या गटाच्या वार्षिक सभेतही इतकी पक्की नाही.

मर्यादा वाढवल्या. फोटो आत आला आणि आल्या आल्या नाहीसा झाला. लॉगमध्ये चूक नाही, फोल्डरमध्ये फोटो नाही. कारण असं की आलेली रिक्वेस्ट एकदाच वाचता येते. स्प्रिंगने ती आधीच वाचून टाकली होती आणि जुन्या मुलाने कोडमध्ये कॉमन्स फाइलअपलोड नावाची लायब्ररी, म्हणजे दुसऱ्याने लिहिलेला तयार कोड, घालून पुन्हा वाचायला लावली होती. भरीत-पार्टीला उशिरा पोचलेल्या पाहुण्यासारखी तिची गत: पातेलं आहे, कळण्याच्या भाकरीचा चुरा आहे, भरीत नाही. खरं तर डिसेंबर 2009 मध्ये जावाच्या वेब-नियमांची सर्व्हलेट 3.0 ही आवृत्ती आल्यापासून जावाला हे काम स्वतःचं स्वतः येतं, वेगळ्या लायब्ररीची गरज नाही. ती काढून टाकली.

मग पंधरवडाभर शांतता. आणि नंतर एका सकाळी सगळ्यांचेच फोटो अडले.

नाना म्हणाले, "बंद करीसन चालू कर ना, भो." शेतातली मोटर, घरातला टीव्ही आणि माझा सर्व्हर, तिघांना नानांचं औषध एकच. मला राग आला. पण बंद करून चालू केलं आणि चाललं. टॉमकॅट येणारी फाइल आधी टेम्प, म्हणजे तात्पुरत्या, फोल्डरमध्ये ठेवतो. आमच्या सर्व्हरच्या लिनक्सवर मात्र सफाई करणारा प्रोग्रॅम झाडूवाला म्हणून नेमलेला, दहा दिवस ज्याला कोणी हात लावला नाही ते तो तिथून उचलून टाकतो. अपलोड नसलेल्या दिवसांत त्याने ते फोल्डरच झाडून नेलं. रीस्टार्ट केल्यावर टॉमकॅट नवं बनवतो. नाना बरोबर होते, हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही. टेम्पची जागा तेवढी गुपचूप बदलली.

शेवटी फोटो चढला. नानांनी नंतर उघडून बघितला आणि लगेच फोन केला.

"ही माझी बाग नाही. ही दादाची. त्याच्या बागेत तर एक खोड पडलं नाही!"

सर्व्हरला मराठीच लावलेली नव्हती. देवनागरी अक्षर दिसलं की तो प्रश्नचिन्ह टाकत होता. नानांची फाइल 'नाना', दादांची 'दादा'. काना धरून दोन्हीकडे चार-चार प्रश्नचिन्हं, म्हणजे नाव एकच, आणि नंतर आलेल्या दादांनी नानांना पुसून टाकलं. आता फाइल नंबराने ठेवतो, मूळ नाव डेटाबेसमध्ये लिहितो. हे सगळं नानांना नीट समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं.

"ते सगळं ठीक शे," ते म्हणाले. "पण पंचनाम्याला आलेल्या साहेबाने दादाचीच उभी बाग माझ्या नावाने पाहिली ना? त्याला तू समजाव."