पाणी मारून धूर बसत नाही

आमच्या घरासमोर गेल्या वर्षभरापासून एका जुन्या सोसायटीच्या पुनर्विकासाचे काम सुरू आहे. मुंबई महापालिकेने ऑक्टोबर २०२३ मध्ये बांधकामांसाठी जी नियमावली काढली, तिच्याप्रमाणे भोवती उंच पत्रे उभे आहेत, हिरवे कापड लावलेले आहे, राडारोड्यावर पाणी मारले जाते आणि बाहेर पडणाऱ्या डंपरची चाकेही धुतली जातात. धूळ खरोखरच कमी झाली आहे, हे मी मनापासून मान्य करते. परंतु थंडीच्या दिवसांत पहाटे साडेपाचला गॅलरीत उभे राहिले की त्याच पत्र्यांच्या आतून निळसर धुराची रेघ वर चढताना दिसते, कारण तिथे राहणारे कामगार सेंट्रिंगच्या फळ्या आणि प्लायचे तुकडे जाळून सकाळचा स्वयंपाक करत असतात. प्लायमधला गोंद जळल्याचा तो उग्र वास खिडक्या लावल्या तरी घरात येतो आणि आईला उठल्या उठल्या पंप घ्यावा लागतो. त्या कामगारांना मी दोष देत नाही. त्यांच्याकडे गॅसची शेगडी नाही, आणि त्या धुराच्या सर्वांत जवळ तेच बसलेले असतात.

महानगराच्या हवेच्या नियोजनातली मूळ अडचण मला या एका चुलीत दिसते. रस्त्यावरची आणि बांधकामाची धूळ बहुतांशी जाडसर असते, ती पाण्याने बसते, झाडून उचलता येते. फुप्फुसांत खोलवर जाऊन पुढे रक्तात मिसळू शकणारे पीएम २.५ कण (अडीच मायक्रॉन किंवा त्याहून बारीक) मात्र मुख्यतः जळण्यातून येतात: डिझेलची इंजिने, कारखान्यांचे बॉयलर, लाकडाच्या भट्ट्या, पेटवलेला कचरा. शिवाय सल्फर डायऑक्साइड, नायट्रोजनची ऑक्साइडे आणि अमोनिया यांच्यापासून असे कण हवेतच तयार होतात, आणि तिथे फवारणीचा टँकर काहीही करू शकत नाही.

जानेवारी २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात शहरांची प्रगती प्रामुख्याने पीएम १० वर, म्हणजे दहा मायक्रॉनपर्यंतच्या कणांवर, मोजली गेली. मोजमाप जाडसर धुळीचे असेल, तर निधी झाडण्याच्या यंत्रांवर आणि फवाऱ्यांवर जाणार, हे ओघानेच आले. आपल्या देशाच्या मानकानुसार पीएम २.५ ची वार्षिक मर्यादा ४० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर आहे, तर जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ पासून ती ५ वर आणली आहे. माझे स्पष्ट मत आहे की यापुढे प्रत्येक शहराचे उद्दिष्ट पीएम २.५ मध्येच लिहिले गेले पाहिजे.

दुसरी गोष्ट हद्दीची. मुंबई महानगर प्रदेशात नऊ महापालिका आहेत. हिवाळ्यात रात्री जमिनीवरून समुद्राकडे वारा वाहतो, तेव्हा तळोजा, कल्याण, भिवंडीकडची हवा पहाटेपर्यंत आपल्या अंगणात येते, आणि दुपारी समुद्रावरचा वारा सुटला की आपला धूर त्यांच्याकडे जातो. अशा वेळी नऊ वेगवेगळे आराखडे करून काय साधणार? बीजिंगची पीएम २.५ ची वार्षिक सरासरी २०१३ मध्ये ८९.५ होती, ती २०२१ मध्ये ३३ पर्यंत खाली आली. त्यासाठी शहरातल्या कोळशाच्या बॉयलरांबरोबर शेजारच्या हबेई आणि थ्येनचिनमधल्या धुरालाही हात घालावा लागला. दिल्ली आणि आसपासच्या राज्यांसाठी २०२१ च्या कायद्याने स्वतंत्र आयोग आहे. आपल्या प्रदेशालाही तसाच अधिकार असलेली एक यंत्रणा हवी, आणि कुठल्या भागात काय, किती आणि कोणत्या वेळी जळते याची संपूर्ण प्रदेशाची एकच नोंद तिने दरवर्षी लोकांसमोर ठेवली पाहिजे.

आराखड्यात पैसाही हवा. मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळण्यास सांगितले, ते योग्यच होते. मात्र रोज पहाटे वस्तीला पाव पुरवणाऱ्या लहान बेकरीवाल्याला नवी भट्टी आणि गॅसची जोडणी स्वतःच्या खिशातून झेपत नाही, तेव्हा फवाऱ्यांचा काही निधी तिकडे वळवावा.

आणि बांधकामांच्या बाबतीत माझी मागणी अगदी साधी आहे. कामगारांच्या वस्तीत गॅसची सोय झाल्याचे दाखवल्याशिवाय विकासकाला काम सुरू करण्याचा दाखला मिळू नये. आमच्या सोसायटीतल्या एकवीस कुटुंबांनी या मागणीच्या पत्रावर सह्या केल्या आहेत आणि सोमवारी ते आम्ही वॉर्ड कार्यालयात देणार आहोत.